आकडा कोरला, नावं राहून गेली

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागतो. एसटीच्या पाटीवर, पत्त्यात आणि लग्नपत्रिकेतही 'अपशिंगे मिलिटरी' असंच लिहिलं जातं. पहिल्या महायुद्धात या एकाच गावचे ४६ जण कामी आले. इंग्रज सरकारने गावात त्यांचं स्मारक केलं, आणि तेव्हापासून पलटणीत गेलेला माणूस नाही असं घर या गावात शोधावं लागतं.

अशा स्मारकशिला महाराष्ट्रात अनेक गावांत आहेत. चावडीच्या भिंतीत, देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या दारात एक लहानशी शिला बसवलेली असते. मजकूर सगळीकडे साधारण एकच: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. ठरलेल्या नमुन्यात फक्त गावाचं नाव आणि दोन आकडे भरायचे. चुन्याचे हात बसून बसून त्यातला एखादा आकडा बुजलेला असतो. पोरं त्या शिलेखाली गोट्या खेळतात, म्हातारे तिला पाठ टेकून बसतात. गेलेल्यांतला एकही माणूस तिथे नावाने भेटत नाही.

युद्धाच्या काळातल्या सातारा-सांगलीच्या माणसांच्या गोष्टी शोधायला निघालं की या शिलेपाशी अडखळायला होतं. आपण त्या गोष्टी सांभाळल्या तरी कशा? साम्राज्याने आकडे सांभाळले. स्वतंत्र देशाने हुतात्म्यांच्या याद्या सांभाळल्या. शाहिरांनी पराक्रम सांभाळला. या तिन्हींत जो बसला नाही, तो घरच्यांच्या आठवणीत राहिला, आणि घरचे गेले की त्यांच्याबरोबर गेला. दोष कुणा एकाचा नाही. पण ही गाळणी आपण ओळखली पाहिजे, कारण आपल्या सगळ्यात मोठ्या गोष्टी तिच्यातूनच गळाल्या आहेत.

एक खुलासा आधीच करतो. तेव्हाचा सातारा म्हणजे आजचे जवळजवळ दोन जिल्हे. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. मध्ये औंध, सांगली, मिरज, जत, फलटण अशी संस्थानं ठिगळासारखी पसरलेली होती. तेव्हाच्या गोष्टीतली माणसं या सगळ्या हद्दींतून ये-जा करतात.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी सांगितलेली गोष्ट कुत-अल-अमाराची आहे. तैग्रिस नदीच्या वळणावरच्या या गावात सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अकरा रुपये महिन्याच्या पगारावर दुष्काळी टापूतून भरती झालेली ही पोरं. जवळजवळ पाच महिने त्यांनी रोज थोडं थोडं कमी होत जाणारं जवाचं पीठ खाल्लं. शेवटी शेवटी माणशी मूठ-दोन मूठ पीठ मिळायचं. गोऱ्या सैनिकांच्या ताटात घोड्याचं मांस होतं. आमच्या बहुतेकांनी ते नाकारलं. धर्मगुरूंची संमती हिंदुस्थानातून तारेने मागवली, तरी कितीतरी दिवस ते बधले नाहीत. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. विमानांतून पिठाची पोती टाकली जात, त्यातली काही नदीत पडत.

हा हट्ट मला नेहमी अस्वस्थ करतो. घोड्याला ज्या मुलखात घरातल्या माणसासारखं वागवतात, तिथल्या शेतकऱ्याच्या पोराला घोडा कापून खायला सांगितलं होतं. 'अडाणी धर्मभोळेपणा' म्हणून ही गोष्ट बाजूला सारणं सोपं आहे. पण गावी परतल्यावर पंगतीत कुणी शेजारी बसेल का, ही धास्ती त्या माणसाच्या पोटात भुकेइतकीच खरी होती. शरणागतीनंतर साध्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकत नेलं आणि पुढे रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपलं. हजारो परतले नाहीत.

त्यांच्यासाठी बसऱ्याला १९२९ साली मोठं स्मारक झालं, चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं. हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके' एवढाच आकडा आला. म्हणजे गावच्या चावडीवर आकडा आणि हजारो मैलांवर बसऱ्यातही आकडाच. अशा मृतांना बरोबरीचं स्मरण मिळालं नाही, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच्या अहवालात कबूल केलं ते २०२१ साली.

महारांच्या पलटणीची गोष्ट तर आकड्यापर्यंतही नीट पोचली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. पिढीजात शिपाईगिरी करणारी घरं एका फटक्यात बाहेर पडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे त्याच फौजी पिढीतले. निवृत्तीनंतर ते साताऱ्यात राहिले. भिवाचं, म्हणजे बाबासाहेबांचं, नाव तिथल्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं, आणि आई भीमाबाईंची समाधीही साताऱ्यातच आहे. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केला. सरकारला जाग आली ती माणसं कमी पडल्यावर: १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये मोडली. दुसरं युद्ध पेटल्यावर १९४१ मध्ये पुन्हा महार रेजिमेंट काढली. गरज लागली की बोलवायचं आणि गरज सरली की घरी पाठवायचं, हा अपमान एकाच घराने तीन पिढ्या गिळला. युद्धाच्या मराठी पुस्तकांत या घरांना एखादा परिच्छेद मिळतो. मला तो फार थोडा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश अशा सगळीकडे होत्या. इरिट्रियातलं केरेन, मणिपूरच्या डोंगरातलं सांगशाक ही नावं सैनिकी इतिहासात मानाने घेतली जातात. सांगशाकला मार्च १९४४ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनने जपान्यांना दिवसचे दिवस रोखून धरलं. इटलीत १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ ला शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. घाडगे माणगावकडचे, जाधव नगर जिल्ह्यातले. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ साली घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

पण माझं मन रेंगाळतं ते पकडल्या गेलेल्यांपाशी. दुसरी बटालियन, जिला पलटणीत 'काळी पाचवी' म्हणतात, ती जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा शत्रूच्या हाती लागली. तोब्रुकच्या हिंदी कैद्यांना इटलीतल्या छावण्यांत नेलं. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा फाटकं उघडली आणि कैदी डोंगरांत पांगले. तिथल्या गरीब शेतकऱ्यांनी आपल्या भाकरीतली अर्धी भाकरी त्यांना दिली. जे पुन्हा जर्मनांच्या हाती सापडले, त्यांतले काही फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीत गेले. मे १९४४ मध्ये तिच्यावर दोस्तांच्याच विमानांचे बॉम्ब पडले, भिंती कोसळल्या, आणि पाचशेच्या आसपास हिंदी कैदी चालत चालत स्वित्झर्लंडच्या हद्दीत पोचले.

या सगळ्या काळात घरी आलेल्या तारेत एकच शब्द असायचा: 'बेपत्ता'. मेल्याची तार आली तर रडून मोकळं तरी होता येतं. बेपत्ता माणसाच्या बायकोने कुंकू लावायचं की पुसायचं? वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घातल्या तरी बायकांची कुजबुज, नाही घातल्या तरी कुजबुज. मनीऑर्डर थांबलेली, सासरा तालुक्याला खेटे घालतोय, पोस्टमन दिसला की छातीत धस्स होतंय. कैदेतून परतलेल्याच्या गळ्यात पदक पडत नाही. 'धरला गेला होता' एवढंच गाव बोलतं. तो माणूसही मग गप्प बसतो. या बायकांच्या वर्षांची नोंद कुठल्याही युद्धखात्याने ठेवली नाही.

आणि त्याच वेळी त्याच गावांत दुसरी लढाई पेटली होती. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, तिरंगा चढला आणि मामलेदाराला गांधी टोपी घालावी लागली. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला. परशुराम घाडगे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात विष्णू बारपटे आणि किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या गेले. पंड्यांची गोष्ट थोडी थांबून सांगावी अशी आहे. उमाशंकर पंड्या हे यंत्रांच्या जगातले गुजराती गृहस्थ, पोटापाण्यासाठी किर्लोस्करवाडीला आलेले. ही त्यांची जन्मभूमी नव्हे, ही त्यांची भाषा नव्हे. तरी मोर्च्यात ते पुढे होते, आणि गोळी त्यांनी अंगावर घेतली.

पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. ते आपल्याला तोंडपाठ आहे, निदान तसं वाटतं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. २४ जुलैला वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, त्यांना गोळी लागली, आणि त्यांचे साथी अण्णाप्पा पत्रावळे व बाबुराव जाधव ठार झाले. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याजवळ चिमठाण्याला भूमिगतांनी सरकारी खजिना ताब्यात घेतला. याच तारखेला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' ही बोट फुटली आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान प्राणाला मुकले. गोदीत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांत घाटावरची, सातारकडची माणसं किती होती, हे मुंबईतल्या कुठल्याही जुन्या गिरणगावकराला विचारावं. एक भाऊ चिमठाण्याला, एक गोदीत, एक इटलीत, असं घर त्या दिवशी साताऱ्यात असणं अगदीच शक्य होतं. आपण मात्र या तिघांना तीन वेगवेगळ्या पुस्तकांत बसवलं.

शेणोलीच्या मोहिमेचे म्होरके रामचंद्र लाड, कुंडलचे 'कॅप्टन भाऊ', म्हातारपणीही 'लूट' या शब्दाला हरकत घेत. लोकांचेच पैसे होते, ते परत आणले, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण प्रतिसरकारला पडलेल्या 'पत्रीसरकार' या नावात ज्या शिक्षा आहेत, त्यांच्याविषयी आपण फार कमी बोलतो. खबऱ्या म्हणून ज्यांच्या तळपायांवर पट्टे उठले ते लोकही याच गावांतले. त्यांतले काही खरंच फितूर होते, काहींवर जुन्या भाऊबंदकीचा वचपा निघाला असेल. त्यांची नातवंडं आजही त्या आळीत राहतात आणि या विषयावर मान खाली घालतात. युद्धाच्या आढाव्यात त्यांनाही जागा हवी.

बायकांना तर जागा फार उशिरा मिळाली. नानांची मुलगी हौसाताई तीन वर्षांची असताना आईविना झाली. बाप तुरुंगात किंवा भूमिगत, घरदार जप्त. सरकारची भीती एवढी की लोक दारात उभं करायला कचरत. पुढे ती प्रतिसरकारच्या तुफान सेनेबरोबर काम करू लागली. कुठल्या डाक बंगल्यावर पोलीस कधी असतात, कधी नसतात, याची खबर काढणं हे तिचं काम. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोचं भांडण रंगवलं गेलं. 'नवऱ्या'ने भर रस्त्यात तिला मारायला सुरुवात केली, पोलीस सोडवायला बाहेर धावले, आणि मागच्या मागे साथीदारांनी बंदुका उचलल्या. तो मार नाटकातला असला तरी खरोखर लागला होता, हे ताईंनी नव्वदी गाठल्यावरही सांगितलं.

त्याहून मोठी गोष्ट गोव्याची. पोर्तुगीजांच्या तुरुंगात अडकलेल्या साथीदाराला सुटकेचा बेत कळवायला त्या गेल्या, तेव्हा वय सतराच्या आसपास. परतीची वाट जंगलातून. मांडवी आडवी आली, रात्र होती, आणि होडी घेणं धोक्याचं होतं. कोळ्यांच्या जाळ्यात बांधलेल्या एका लाकडी पेटीवर त्या पालथ्या पडल्या आणि दोन्ही बाजूंना साथीदार पोहत राहिले. मी ती पेटी डोळ्यांपुढे आणतो: ओल्या लाकडाचा वास, हातात रुतणारी जाळ्याची दोरी, पाण्याच्या रेषेवर टेकलेला गाल, आणि पोहता न येणारी पोरगी. इंग्रजांच्या विरुद्ध पेटलेल्या जिल्ह्यात बंदुकांच्या जितक्या गोष्टी आहेत, त्या सगळ्यांपेक्षा मला ही पेटी जड वाटते. ताई सप्टेंबर २०२१ मध्ये गेल्या. त्यांच्यासारख्याच इंदोलीच्या इंदुताई पाटणकर, घर सोडून चळवळीत आलेल्या. आणि वाळव्यात प्रतिसरकारातल्या नागनाथअण्णा नायकवडींच्या आई लक्ष्मीबाई. किती भूमिगतांना त्यांनी रात्री-अपरात्री चूल पेटवून जेवू घातलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. भाकरीवर गोळीची खूण उमटत नाही, म्हणून ती पुराव्यात येत नाही.

आता उलट्या दिशेने, बाहेरून इथे आलेल्यांकडे. युद्धाने साताऱ्याला परदेशी माणसंही दिली. रशियातल्या हद्दपारीतून, इराणमार्गे आलेल्या पाचेक हजार पोलिश लोकांची छावणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती, ते बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यांच्यातली क्षयाने खंगलेली मुलं पाचगणीच्या हवेत बरी होण्यासाठी आली होती, हे कमी जणांना ठाऊक असतं. सायबेरियाच्या बर्फातून निघालेलं मूल तिथल्या धुक्यात श्वास घ्यायला शिकतंय, हे चित्र पाचगणीच्या पर्यटकाला कुणी सांगत नाही. साताऱ्यातच जर्मन आणि इतर 'शत्रुराष्ट्रीय' कुटुंबांना स्थानबद्ध करून ठेवलं होतं. मिशनरी, त्यांच्या बायका, पोरं. युद्ध त्यांनी पुकारलं नव्हतं, पासपोर्टच्या रंगाने त्यांना छावणीत बसवलं.

औंधात राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या आश्रयाला मॉरिस फ्रीडमन हे वॉर्साचे पोलिश यहुदी इंजिनिअर होते. आटपाडीजवळ १९३९ साली सुरू झालेल्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगामागे त्यांची कल्पना होती. युरोपात त्यांच्या माणसांना कोंडून मारलं जात होतं, त्याच वर्षांत माणदेशाच्या उजाड माळावर खुन्यांना कुंपणाशिवाय ठेवण्याचा प्रयोग चालू होता. पुढे व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला याच प्रयोगाची प्रेरणा मिळाली. भूमिगतांना औंधच्या हद्दीचा आसरा होता, तो वेगळाच.

आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. मुंबईला पायी गेलेलं मातंग कुटुंबातलं पोर, शाळा जवळजवळ नाही. त्याने स्टालिनग्राडच्या वेढ्यावर पोवाडा रचला. व्होल्गेच्या काठच्या माणसाची भूक आणि हिंमत त्याला कळली, कारण ती त्याने वाटेगावला पाहिली होती. बंगालच्या दुष्काळावरही त्याने लिहिलं. कुतच्या भुकेवर मात्र एकही मोठा पोवाडा आपल्याकडे झाला नाही, ही माझी खरी खंत आहे. शाहिरीने तो विषय हाती घेतला असता तर चावडीवरच्या शिलेला आवाज मिळाला असता.

स्वातंत्र्यानंतरची युद्धं जवळची, म्हणून त्यांत नावं आहेत, फोटो आहेत, चौकातले पुतळे आहेत. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली, ती उगीच नव्हे. तरीही जगून परतलेल्याला आपण विसरतो. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात नऊ गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. मूळचा बॉक्सर. पाण्यात उतरला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेऊन आला. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली ४६ वर्षं तो माणूस आपल्यातच होता. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन वर्षांत स्वतः लष्करात लेफ्टनंट झाल्या. हे मात्र लगेच सगळ्यांना कळलं, कारण सांगणारे होते.

अजूनही या दोन जिल्ह्यांत माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका आहेत. आत डिस्चार्ज बुक असतं, इटली स्टार किंवा बर्मा स्टार असतो, पेन्शनच्या कागदावर अंगठा असतो. घर बांधायला काढलं की ट्रंक भंगारवाल्याकडे जाते. त्याआधी कुणीतरी ती उघडून त्यातलं नाव, पलटण, गाव वहीत उतरवून घ्यावं. गावची माजी सैनिक संघटना, शाळेतला इतिहासाचा मास्तर, कॉलेजातली पोरं, कुणीही. एका सुट्टीत एक गाव होईल.

दोन वाटा एकदा खरोखर एकत्र आल्या होत्या, ते सांगून थांबतो. १९४६ च्या सुरुवातीला नागनाथअण्णांच्या गटात आझाद हिंद सेनेतले पंजाबी जवान आले होते, पोरांना हत्यारं चालवायला शिकवायला. त्यांतले एक नानकसिंग. इंग्रजांच्या फौजेत शिकलेली कवायत सुभाषबाबूंच्या फौजेतून फिरून वारणेच्या खोऱ्यात पोचली होती. फेब्रुवारीत शिराळ्याकडच्या मणदूरच्या डोंगरात पोलिसांनी गाठलं, चकमक झाली. वाळव्याचे किसन अहिर पडले आणि नानकसिंगही पडले. वाळव्याच्या साखर कारखान्याला पुढे हुतात्मा किसन अहिरांचं नाव मिळालं. आणि वाळव्याची माणसं ती दोन्ही नावं आजही एका दमात घेतात: किसन अहिर, नानकसिंग.